पिवळ्या पिंजऱ्यांचं पाणी

"हौसाबाई, पिवळे उंदीर पाणी जास्त पितात का हो?"

केंकरे मॅडमनी हे विचारलं तेव्हा मी उकिडवी बसून पिंजऱ्याच्या तळाचा भुसा बादलीत झटकत होते. गुरुवारची सकाळ होती. माझी पिशवी दारामागच्या खुंटीला होती, आणि पिशवीत, भाकरीच्या डब्याखाली, खोबरेल तेलाची धुतलेली बाटली होती. तिच्यात पिवळ्या उंदरांचं पाणी होतं. तासाभरापूर्वीच मी ते काढून घेतलं होतं.

"मला काय कळतंय मॅडम," मी म्हणाले. "उन्हाळा हाय."

"खोलीला एसी आहे, हौसाबाई. आणि उन्हाळा असलाच तर लाल-निळ्यांनाही असेल की."

मी मान खाली घालून भुसा झटकत राहिले.

आता मी बहात्तर वर्षांची आहे. तेव्हा त्रेपन्नची होते आणि मला एकही अक्षर येत नव्हतं. पुण्यात पाषाणच्या बाजूला एक संशोधनाची संस्था होती, तिच्या उंदीरघरात मी कामाला होते. पिंजरे धुवायचे, भुसा बदलायचा, खाणं टाकायचं, पाण्याच्या बाटल्या लावायच्या. उंदीर सगळे सारखेच, काळे. पिंजऱ्यांना मात्र रंगीत पट्ट्या होत्या. लाल बारा, निळे बारा, पिवळे बारा. वाचता येत नसलं तरी रंग चुकायचा प्रश्न नव्हता. त्यामुळेच मला त्या खोलीवर ठेवलं होतं.

डॉक्टर उत्तरा केंकरे मेंदूच्या आजारावर काम करायच्या. माणूस हळूहळू सगळं विसरत जातो तो आजार. तो उंदरांना व्हावा अशी त्यांची पैदासच केलेली असे. एकदा मी विचारलं, तेव्हा मॅडम माझ्याशेजारी उलट्या बादलीवर बसून सांगत राहिल्या. मेंदूत साफसफाई करणाऱ्या पेशी असतात. मेलेलं, सडलेलं उचलतात. या आजारात त्या बिथरतात. थांबायचं कळत नाही त्यांना. आत सूज धरते आणि मग त्या चांगलं, धडधाकट आहे तेही झाडून टाकतात. त्यांना शांत करणारं औषध मॅडमनी शोधलं होतं. चार वर्षं झाली होती त्याला.

"म्हंजी तिथंबी झाडूवाल्यांवरच आळ," मी म्हणाले होते.

मॅडम इतक्या हसल्या की मोमीनभाई दारातून डोकावले. मोमीनभाई उंदीरघराचे मुख्य. "मॅडम, हिला फार बोलायला लावू नका," ते म्हणाले, "संध्याकाळपर्यंत बंद होत नाही."

ते औषध पाण्यातून दिलं जायचं. सोमवारी आणि गुरुवारी वरच्या प्रयोगशाळेतून भरलेल्या बाटल्या खाली यायच्या, त्यांनाही त्याच रंगाच्या चिकटपट्ट्या. मी त्या लावायचे, जुन्या काढून वर पाठवायचे. वर त्यांचं वजन करून कोण किती प्यालं ते लिहायचे. कुठल्या रंगाच्या पाण्यात औषध आहे हे मॅडमनाही माहीत नव्हतं. दुसऱ्या विभागातल्या एका सरांनी रंग ठरवले होते आणि कागद लिफाफ्यात बंद करून संचालकांच्या कपाटात ठेवला होता.

"तुमचंच औषध, आन तुमालाच ठावं न्हाई?" मी विचारलं होतं.

"मुद्दामच. माहीत असलं की माणूस त्याला हवं तेच बघतो," त्या म्हणाल्या होत्या.

ही गोष्ट मी ऐकली आणि सोडून दिली. माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं.

आमचे मालक, धोंडीराम, गवंडी. सगळी वस्ती त्यांना मिस्त्री म्हणायची, मीही म्हणायचे. सुतारवाडीतल्या निम्म्या भिंती त्यांनी उभ्या केलेल्या. भिंतीवर बोटाचं पेर वाजवून गिलावा कुठं पोकळ आहे ते सांगायचे, आणि फोडलं की तिथं पोकळ निघायचंच. त्या उन्हाळ्याच्या दोन वर्षं आधी ते ओळंबा घरी विसरायला लागले. मग थापी. मग कामावर जायचा रस्ता. एकदा मला म्हणाले, "बाई, आमची मंडळी कामावरनं यायची हाय, तुमी बसा." सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी वयाचं आहे म्हणून सांगितलं. वय एकसष्ट.

मॅडमना मी विचारलं होतं, हे औषध माणसांना कधी?

"सगळं नीट झालं तर दहा वर्षांनी."

दहा वर्षं मिस्त्रींकडे नव्हती.

म्हणून मी बघायला लागले. उंदराला फाडलेला कागद दिला की तो घरटं करतो. मी दर वेळी भुसा बदलला की प्रत्येक पिंजऱ्यात मूठभर कागद टाकायचे. वर तपासायला उंदीर जायचे ते धुतलेल्या पिंजऱ्यातून, नव्या भुशावर, त्यामुळे त्यांची घरटी वर कुणी पाहत नसे. ती पाहायचे मी, आणि पाहून झाली की बादलीत टाकायचे. लाल आणि निळ्या पिंजऱ्यांत कागद इकडंतिकडं पसरलेला असायचा, उंदीर उघड्यावर कोपऱ्यात पडलेले. पिवळ्यांत मात्र गोल, उंच घरटं, वरून जवळजवळ मिटलेलं. बाराच्या बारा पिंजऱ्यांत. तीन महिने पाहून मी मनाशी पक्कं केलं की औषध पिवळ्यांना आहे.

मग प्रत्येक पिवळ्या बाटलीतून दोन-दोन झाकणं पाणी तेलाच्या बाटलीत. बारा बाटल्यांचं मिळून अर्धा पेला भरायचा. सोमवारी आणि गुरुवारी घरी गेले की मिस्त्रींना समोर बसवून ते पाजायचे. फाल्गुनात सुरू केलं. चैत्र सरता सरता ते मला पुन्हा "हौसे" म्हणायला लागले. शेजारच्या पारूबाईच्या नव्या भिंतीवर पेर वाजवून म्हणाले, "हितं पोकळ हाय." पारूबाईला राग आला. मी आत जाऊन रडले.

तर त्या गुरुवारी मॅडम हातात वही घेऊन खोलीत उभ्या होत्या आणि मोमीनभाईंना सांगत होत्या, "गेले दोन महिने पिवळे पाव पटीनं जास्त पाणी पितायत. प्रत्येक पिंजरा. मला हे आवडत नाहीये."

"साखरेचा आजार झाला असेल," मोमीनभाई म्हणाले. "आमच्या मोठ्या भावाचं असंच झालं. तांब्या घेऊनच फिरायचा."

"किंवा मूत्रपिंडाचं काही. पिवळ्यांत औषध असेल आणि त्यानं मूत्रपिंड बिघडत असेल, तर सगळंच थांबवावं लागेल." मॅडमनी वही मिटली. "उद्या सकाळी पिवळ्यांतले दहा काढू. आत उघडून बघितल्याशिवाय कळणार नाही."

काढू म्हणजे मारू. उंदीरघरात तसंच म्हणतात.

"आणि बिघाड निघाला तर?" मोमीनभाईंनी विचारलं.

"तर चार वर्षं पाण्यात," मॅडम म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत. वर निघून गेल्या.

मोमीनभाई माझ्याकडे वळले. "हौसाबाई, उद्या लवकर या. दहा पिंजरे वेगळे काढून ठेवायचेत. तब्येत बरी नाही का? तोंड उतरलंय."

"बरी हाय."

"मग हात चालवा."

मी हात चालवले. मला उंदरांचं फार वाटायचं असं नाही. नऊ वर्षांत किती गेले, मोजले नव्हते. पण हे दहा माझ्यामुळे जाणार होते. ते जाऊन तरी काय होणार, त्यांची मूत्रपिंडं चांगलीच निघणार. मग मॅडम आणखी दहा काढतील, आणखी शोधतील. नाहीच सापडलं तर औषधावर ठपका बसेल आणि ते बंद होईल. मिस्त्रींसारखे आणखी किती असतील. आणि सांगितलं तर नोकरी जाईल, पाणी बंद होईल, मिस्त्री परत मला बाई म्हणतील.

दुपारी डबा उघडला आणि तसाच झाकला. शेवटच्या रांगेतल्या पिवळ्या पिंजऱ्यापाशी जाऊन उभी राहिले. भुसा सकाळीच बदलला होता, तरी तिथल्या उंदरिणीनं कागद ओढून ओढून कोपऱ्यात भिंत उभी करायला घेतली होती. तोंडात पट्टी धरायची, मागं सरायची, रचायची, पुन्हा यायची. मिस्त्री असेच काम करायचे, कुणाकडं न बघता.

मी खुंटीवरची पिशवी घेतली आणि जिना चढले.

प्रयोगशाळेत मॅडम एकट्याच होत्या. मी तेलाची बाटली त्यांच्या टेबलावर ठेवली.

"हे काय?"

"पिवळ्यांचं पानी हाय मॅडम. ते जास्त पीत न्हाईत. मी काढून नेते."

त्यांनी बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "नेता? कुठं नेता?"

"घरी. मिस्त्रींना."

मी सगळं सांगितलं. माझं सांगून झालं तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं त्या रागावल्यात. पण पहिला प्रश्न त्यांनी मिस्त्रींचाच विचारला.

"त्यांना काही त्रास झाला? उलट्या, लघवीला त्रास, अंगावर काही उठलं?"

"न्हाई. बरंच वाटतंय त्यांना."

"हौसाबाई, माणसाला किती द्यायचं ते अजून कुणालाच माहीत नाही. जीव गेला असता." त्या उठल्या, दोन पावलं गेल्या, परत आल्या. "बाटल्या कधी कोरड्या पडल्या? उंदीर तहानलेले राहिले?"

"एकदाबी न्हाई. तेवढं बघून घ्यायची."

"आणि कमी दिसू नये म्हणून वरून नळाचं पाणी घातलंत?"

"न्हाई हो. औषध पातळ झालं असतं. त्यांच्या वाटणीचं त्यांना नको का?"

मॅडम खुर्चीत बसल्या. त्यांनी डोळ्यांवर हात ठेवला. हसताहेत की काय ते कळेना. "म्हणजे वजनं तेवढी चुकलीत. बाकी काही नाही बिघडलं," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग मान वर केली. "पण पिवळंच का? मला माहीत नाही कशात औषध आहे. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुनी न्हाई. घरट्यांवरनं."

"कसली घरटी?"

मग मी घरट्यांचं सांगितलं. गोल, उंच, वरून मिटलेलं. मॅडम पुढे सरकून बसल्या. त्यांनी कागद ओढला, पेन घेतलं. एवढं लक्ष देऊन माझं कधी कुणी ऐकलं नव्हतं, त्यामुळे मला जरा जोरच आला.

"आणि लाल?" त्यांनी विचारलं.

"लाल म्हंजी नुसता पसारा. कागद तसाच पडून."

"निळे?"

"निळंबी तसंच."

"नीट आठवून सांगा, हौसाबाई. लाल आणि निळ्यात थोडासुद्धा फरक नाही? एखाद्यात अर्धं घरटं, थोडा कागद गोळा केलेला, असं काही?"

"न्हाई मॅडम. लाल-निळं सारकंच. पट्ट्या काढल्या तर मलाबी सांगता याचं न्हाई. रोज बघते मी."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. काही लिहिलंच नव्हतं.

खिडकीबाहेर माळी पाइपनं झाडांना पाणी घालत होता, त्याचा आवाज येत होता. मला वाटलं, माझं बोलणं त्यांना खोटं वाटलं.

"देवाशपथ सांगते," मी म्हणाले.

"खरंच आहे ते. मला माहीत आहे. तीन रंग आहेत ना? त्यातले एका रंगाचे उंदीर निरोगी आहेत. त्यांना आजारच नाही. ताडून बघायला ठेवलेत, साधं पाणी पितात. उरलेले दोन रंग आजारी. त्यातल्या एकाला साधं पाणी, एकाला औषध."

मी ऐकत होते.

"औषध लागू पडलं असतं, तर दोन रंगांत चांगली घरटी दिसली असती. निरोग्यांच्यात आणि औषधवाल्यांच्यात. तुम्हाला एकातच दिसली."

मला समजायला वेळ लागला. मी बोटांवर लाल, निळा, पिवळा धरले आणि एकेक मिटवून बघितला. मग समजलं.

"म्हंजी पिवळ्यांना..."

"पिवळे निरोगी आहेत, हौसाबाई. त्यांच्या बाटलीत काही नव्हतं. पाणी होतं."

"पन मिस्त्रींना फरक पडला हो. मला नावानं हाक मारली त्यांनी. भिंत वाजवून सांगितलं."

टेबलावर ठेवलेली तेलाची बाटली मॅडमनी उचलली, उजेडात धरली, परत ठेवली.

"या आजारात बरे दिवस येतात," शेवटी त्या म्हणाल्या. "येतात आणि जातात."

लिफाफा त्यांना तरीही उघडावा लागला. माणूस ते पाणी प्याला होता, त्यात काय आहे याची खात्री करणं भाग होतं. संचालकांच्या खोलीत मला बाहेर उभं केलं. मॅडम पाच मिनिटांत आल्या, हातात घडी घातलेला कागद होता. त्यांनी नुसती मान हलवली. त्या हलवण्यात माझं पाणीही होतं आणि त्यांची चार वर्षंही.

पुढचं थोडक्यात सांगते. दहा उंदीर वाचले, म्हणजे त्या शुक्रवारी वाचले. महिन्याभरानं सगळ्याच रंगांचे मेंदू उघडून पाहिले. औषध दिलेल्यांच्या मेंदूत सूज होती तेवढीच होती. मॅडमनी ते औषध सोडलं आणि दुसऱ्याच्या मागे लागल्या. माझा जबाब घेतला. कारकुनानं लिहिला आणि मी अंगठा दिला. तीन आठवडे घरी बसवलं. "सोळा वर्षांत माझ्या इथला एक उंदीर चोरीला गेला नाही," मोमीनभाई म्हणाले, "आणि तू पाणी नेलंस," आणि महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. परत घेतलं ते धुण्याच्या खोलीत, पिंजऱ्यांपासून लांब. पण पुढल्या पावसाळ्यात मॅडमनी मला मागून घेतलं आणि एक वही दिली. दर वेळी भुसा टाकण्याआधी घरटं कसं आहे ते लिहायचं. लिहिता येत नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, चित्र काढा. पूर्ण घरट्याला गोल, अर्ध्याला अर्धा गोल, पसाऱ्याला आडवी रेघ. बाजूला पिंजऱ्याचा आकडा हवा म्हणून आकडे शिकले. आकडे आले तेव्हा अक्षरं मॅडमनीच मागं लागून शिकवली, दुपारच्या सुट्टीत, त्याच उलट्या बादलीवर बसून. मी चौपन्नची होते. चुकलं की त्या मोमीनभाईंना सांगायची धमकी द्यायच्या.

पण त्या गुरुवारचं थोडं राहिलंय.

त्या दिवशी मी संध्याकाळी नेहमीच्या वेळेला घरी पोचले. बाटली मॅडमकडेच राहिली होती. मिस्त्री उंबऱ्यात बसले होते. मला बघून ते उठले, आत गेले आणि पेला घेऊन आले. तो पेला त्यांनी माझ्यापुढे धरला. सकाळी शर्टाची बटणं कशी लावायची ते विसरले होते, मीच लावून गेले होते. गुरुवार मात्र त्यांच्या लक्षात होता.

मी पिशवी खाली ठेवली. पेला घेतला, मोरीपाशी गेले, नळ सोडला, अर्धा पेला भरला आणि त्यांच्या हातात दिला. समोर बसले, नेहमी बसायचे तशी.

ते पेल्यात बघत राहिले.

"काय हाय ह्ये?"

खोटं बोलायची ताकद त्या दिवशी उरली नव्हती.

"पानी हाय."

"आन मागच्या टायमाला व्हतं ते?"

"तेबी पानीच व्हतं, मिस्त्री."

त्यांनी जरा विचार केला. भिंतीला टेकले, हाताचं पेर गिलाव्यावर सहज एकदा वाजवलं. आमच्या घराची भिंत त्यांनीच बांधलेली.

"मंग एवढ्या लांबनं कशाला आनत व्हतीस?" ते म्हणाले. "घरात नळ हाय की."

आणि पेला पिऊन टाकला.

नंतर दोन वर्षं होते ते. माझं नाव गेलं, मग भिंती गेल्या, मग जेवण तोंडात घालायचं गेलं. पण सोमवारी आणि गुरुवारी मी दारात दिसले की पेला पुढे यायचा. मी नळ सोडायचे, अर्धा पेला भरायचे आणि समोर बसायचे.